तीनशे शपथा आणि एक खोली

गेल्या रविवारी आपल्या गावात व्यसनमुक्ती मेळावा झाला. त्याची प्रेस नोट माझ्या मोबाईलवर दुपारी चारलाच आली होती आणि मेळावा होता संध्याकाळी सहाला. नोटमध्ये लिहिलं होतं, ३०० तरुणांनी घेतली व्यसनमुक्तीची शपथ. म्हणजे शपथ घ्यायच्या दोन तास आधी आकडा तयार. चालायचंच, आमच्या धंद्यात याची सवय असते. फोटोत हात पुढे केलेली पोरं दिसतात, त्यातली निम्मी आठवी-नववीची आहेत. शपथेला माझा विरोध नाही. पोरांनी जरूर घ्यावी.

पण त्याच आठवड्यात नगरपालिकेने आणखी एक काम केलं, त्याची प्रेस नोट कुणाला आली नाही. जुन्या मुलींच्या शाळेतली कोपऱ्यातली खोली आहे ना, पत्र्याची, चिंचेच्या झाडाखालची? तिथे गेली नऊ वर्षं मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची मीटिंग भरते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, लोक 'एए' म्हणतात. ती खोली महिनाअखेर रिकामी करा, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलंय. कारणं दोन. एक, तिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायची आहे. दुसरं, शेजारच्यांची तक्रार आहे की 'इथे बेवडे जमतात'.

अभ्यासिकेला कोण विरोध करेल? माझा पुतण्या स्वतः भरतीची तयारी करतोय, जागा नाही म्हणून एसटी स्टँडच्या उजेडात बसतो. पण आठवड्यातले साडेचार तास सोडून बाकीचा सगळा वेळ ती खोली अभ्यासिकेलाच वापरता येते. शिवाय त्याच शाळेत अजून दोन खोल्या बंद आहेत, एकीत गेल्या निवडणुकीचे बांबू पडलेत. आणि तक्रारीबद्दल बोलायचं तर, त्या खोलीपासून चालत चार मिनिटांवर परमिट रूम आहे, तिच्यापुढे देशीचं दुकान आहे. खरे पिणारे तिथे जमतात. त्यांच्याबद्दल तक्रारीचा एक कागद नगरपालिकेत नाही, मी जाऊन पाहिलं. पिणारा सवयीचा झालाय. न पिण्यासाठी एकत्र बसलेली माणसं मात्र डोळ्यांत खुपतात.

तुम्ही म्हणाल, मग ते स्वतः का बोलत नाहीत? निवेदन द्यावं, मोर्चा काढावा. तर मित्रांनो, तिथेच अडचण आहे. ही मंडळी पहिल्या नावापलीकडे ओळख सांगत नाहीत. त्यांचा नियमच आहे की बाहेरच्या वादात संघटना म्हणून पडायचं नाही, वर्तमानपत्रात, टीव्हीवर चेहरा द्यायचा नाही. मोर्चात चेहरा दिसतो. उद्या पेपरात फोटो आला तर ज्याच्या मुलीचं लग्न जमतंय त्याने काय करायचं? म्हणून मी लिहितोय. त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाले, नाव-गाव येऊ देऊ नका.

थोडं या मीटिंगबद्दल सांगतो, कारण गावात त्याबद्दल चित्रविचित्र समज आहेत. कुणाला वाटतं धर्मांतर चालतं, कुणाला वाटतं कुठल्या तरी एनजीओचा फंड येतो. सुरुवात झाली १९३५ साली, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावात. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने वाया गेलेले. त्या शेअरवाल्याची सुटली होती, पण परगावात एकटा असताना प्यावीशी वाटली, तेव्हा त्याला कळलं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसलं तर आपली तलफ निघून जाते. १० जून १९३५ हा त्या सर्जनचा दारूचा शेवटचा दिवस, तोच ते स्थापनादिन धरतात. भारतात हे १९५७ मध्ये आलं. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. एका माजी नगराध्यक्षांनी पंखा देऊ केला होता, तो यांनी हात जोडून परत केला, हे मला पंखा देणाऱ्यांनीच चिडून सांगितलं. खोलीचं भाडं महिन्याला ६०० रुपये, मीटिंगमध्ये जमलेल्या पैशातून देतात. पावत्या आहेत.

त्यांची एखादी मीटिंग खुली असते, बाहेरच्यांना बसता येतं. अशा तीन मीटिंगना मी बसलोय. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून त्यातलं इथे काही नाही. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या सगळ्यांशी मी वेगळा बोललोय, विचारून लिहितोय, आणि ओळख पटू नये म्हणून थोडा फेरफार केलाय.

आता मुद्द्यावर येतो. ही खोली वाचली पाहिजे, पण एए हाच दारू सुटायचा एकमेव रस्ता आहे म्हणून नाही. तसं मी म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत. १९३९ सालच्या त्यांच्या मूळ पुस्तकातच लिहिलंय की एखाद्याला दुसऱ्या मार्गाने जायचं असेल तर त्याला खुशाल जाऊ द्या. आपल्या गावाची चूक नेमकी उलटी आहे. आपण प्रत्येक पिणाऱ्याला एकच रस्ता दाखवतो, तोही आपल्याला आवडलेला. त्याला तो जमला नाही की म्हणतो, याच्यात मुळात दमच नाही.

मार्केट यार्डात एक हमाल आहेत, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वीस वर्षं प्यायले. सात वर्षांपूर्वी कार्तिकीला पंढरपुरात माळ घातली, तेव्हापासून थेंब नाही. पंढरपूर आपल्याला तासाभरावर, त्यामुळे माळ घालून सुटलेली माणसं आपल्या तालुक्यात घरटी एक सापडेल. मी अण्णांना विचारलं, माळेत असं काय आहे? ते हसले. "माळेनं नाय सुटली पत्रकार. सातच्या हरिपाठानं सुटली. सात ते नऊ हीच माझी प्यायची वेळ. बुवा म्हणाले, रोज सातला देवळात यायचं, टाळ धरायचा. आता हातात टाळ असल्यावर ग्लास कुठं धरू?" आणि दुसरी गोष्ट ते म्हणाले ती मला फार महत्त्वाची वाटली. गळ्यात माळ दिसली की कुणी आग्रह करत नाही. हळदीत, जत्रेत, यार्डातल्या पार्टीत, 'अण्णा माळकरी आहेत' एवढ्यावर विषय संपतो. त्यांना दर वेळी कारण सांगावं लागत नाही. अण्णांचं अर्धं काम ती माळच करते.

पण याच माळेची दुसरी बाजूही मी पाहिलीय. अण्णांच्याच गल्लीतल्या एकाने तीनदा घातली आणि तीनदा काढली. त्याला कीर्तनात बसवेना, त्याचं मन तिकडे नव्हतंच, बायकोच्या आणि सासऱ्याच्या रेट्याने घातलेली. प्यायल्यावर त्याला दारूपेक्षा पापाची भीती जास्त वाटायची. त्या भीतीने तो देवळाकडे फिरकेना, आणि लपून आणखी प्यायला लागला. त्याला कुणी म्हणालं नाही, बाबा रे, हे जमत नसेल तर दुसरं काही करून बघ. सगळे म्हणाले, पांडुरंगाची शपथ मोडली, आता याला कोण वाचवणार.

दुसरे, एसटीत कंडक्टर. नास्तिक. वडील जुने कामगार युनियनवाले, घरात देवाचा फोटोसुद्धा नाही. हे त्या खोलीत बसतात, सहा वर्षं झाली. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण ज्याला तो जसा समजला तसा. यांनी मला सांगितलं, "मला देव काय समजला नाही. पण पंधरा माणसं समजली. माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे ती पंधरा माणसं." रात्री मुक्कामी गाडी असते, परगावचा डेपो, खाटेवर पडलं की प्यावंसं वाटायचं. आता ते कुणाला तरी फोन लावतात. रात्री अकराला फोन उचलणारा माणूस त्यांना त्या खोलीने दिला. आता विचार करा, हेच कंडक्टर हरिपाठाला बसले असते तर किती दिवस टिकले असते? आणि अण्णांना त्या खोलीत बसवलं असतं तर? अण्णा एकदा गेले होते म्हणे. "सगळे आपापलं दुखणं सांगतात, मला नाय जमत चारचौघात बोलायला," म्हणाले.

तिसरे एक नोकरदार आहेत. नाव-खातं काहीच सांगत नाही. त्यांनी सोलापूरला मनोविकारतज्ज्ञ गाठले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आधी पाच-सहा दिवस दवाखान्यात ठेवलं, मग तलफ कमी करणारी गोळी सुरू केली. नॅलट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, त्यांची सवय लागत नाही, नशाही येत नाही. महिन्यातून एकदा जातात, डॉक्टरांशी अर्धा तास बोलतात. दोन वर्षं झाली. त्यांच्या बायकोशिवाय हे कुणाला माहीत नाही. का, तर गोळी चालू आहे हे कळलं की लोक म्हणतात, 'म्हणजे सुटली कुठे? गोळीवर आहे.' बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण असं म्हणतो का? साखरेची गोळी घेणाऱ्याला म्हणतो का?

चौथा तरुण आहे, फॅब्रिकेशनच्या शेडवर वेल्डर. हा कुठेच गेला नाही, ना देवळात, ना मीटिंगला, ना डॉक्टरकडे. याची दारू शनिवारची. पगार हातात पडला की शेडवरून थेट अड्ड्यावर, आणि रविवार अंथरुणात. त्याने मालकाला सांगितलं, पगार बायकोच्या खात्यावर टाका, आणि शनिवारऐवजी मंगळवारी टाका. येण्याजाण्याचा रस्ता बदलला. नदीकडून घरी जातो, दीड किलोमीटर जास्त पडतं. पहाटे तालमीत जातो. एवढंच. पण त्याने स्वतःच मला सांगितलं की त्याचं रोजचं पिणं नव्हतं, हात थरथरत नव्हते, म्हणून हे जमलं. रोज सकाळी उठल्या उठल्या ज्याला घ्यावी लागते त्याला रस्ता बदलून भागत नाही, हे त्या पोराला कळतं. आपल्याला कळत नाही.

गंमत अशी की या चौघांची एकमेकांबद्दलची मतं फार काही चांगली नाहीत. अण्णांना गोळी म्हणजे दुसरं व्यसन वाटतं. कंडक्टरना वाटतं माळ म्हणजे भीती. नोकरदारांना वाटतं मीटिंग म्हणजे रडारड. वेल्डरला वाटतं हे सगळे म्हातारे उगाच बाऊ करतात. ठीक आहे. ज्या दोरीने आपण विहिरीतून वर आलो तीच दोरी प्रत्येकाला खरी वाटणार. पण गावाने एकाच दोरीवर अडून बसू नये. आणि असलेली दोरी कापू तर मुळीच नये.

चौघांशी बोलताना एक गोष्ट मात्र सारखीच निघाली. एकाचीही पहिल्या प्रयत्नात सुटलेली नाही. अण्णांची माळेआधी दोनदा सुटली आणि परत लागली. कंडक्टर तर खोलीत येऊन आठ महिन्यांनी घसरले, परत आले तेव्हा कुणी काही विचारलं नाही, चहाचा कप पुढे केला. पहिले तीन महिने सगळ्यात अवघड, असं या क्षेत्रातले बहुतेक जण सांगतात. आणि आपण नेमके त्याच तीन महिन्यांत त्या माणसाची परीक्षा घेतो. कट्ट्यावर आवाज देतो, 'काय साहेब, अजून बंदच का?' हळदीत म्हणतो, 'आजच्या दिवस घे, एकाने काय होतंय.' गटारीला खास बोलावून घेतो आणि पुढे बसवून त्याला शेंगदाणे खायला लावतो. श्रावण पाळतोय म्हटलं की चालतं, महिनाभर कुणी आग्रह करत नाही. पण 'मी कायमची सोडलीय' म्हटलं की तो आपला अपमान वाटतो. का वाटतो? माझा अंदाज सांगतो, कटू आहे. तो सोडू शकतो तर मग मी का नाही, हा प्रश्न समोर बसलेल्याला नको असतो.

आता थोडं काळजीचं. ज्यांच्या घरात रोज पिणारं कुणी आहे त्यांनी एवढा भाग नीट वाचा.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका वाडीवर घरच्यांनी एका माणसाला नवरात्रात खोलीत कोंडलं. हेतू चांगला होता, नऊ दिवस दारू मिळाली नाही की सुटेल. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडायला लागला, अंग तापलं, माणसं ओळखेना. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं, देवऋषी आणला. चौथ्या दिवशी सोलापूरला नेताना गाडीतच गेला. पेपरात दोन ओळी आल्या, 'व्यसनामुळे मृत्यू'. तो दारूने गेला असं म्हणता येत नाही, दारू एकदम तोडल्याने गेला. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं. उपचार नाही झाले तर जीव जातो. उपचार काय फार मोठे नाहीत. डॉक्टरच्या देखरेखीत शांत करणारी औषधं देतात, ती हळूहळू कमी करतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाईन, आठवडाभर लक्ष. आपलं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं आहे. त्यातल्या दोन खाटा यासाठी ठेवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना याचं प्रशिक्षण द्या, ही मागणी कुठल्या मेळाव्यात झालेली मी ऐकली नाही.

दुसरं, भिंतीवरच्या जाहिराती. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा.' एसटीच्या मागे, मुतारीच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर. न सांगता दुधात, भाजीत पूड टाकायची. या पुड्यांत काय असतं कुणी सांगत नाही. डायसल्फिरम नावाचं एक खरं औषध आहे, ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर त्याला प्रचंड त्रास होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं. डॉक्टर ते देतात तेव्हा पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने देतात, तपासण्या करून. तेच नकळत दिलं आणि तो जाऊन क्वार्टर प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. आणि मुळात, जो माणूस स्वतःहून सोडायला तयार नाही त्याची दारू नकळत कशी सुटेल? सुटणं त्याला कळायला नको का?

तिसरं, रात्री जीप आणून माणूस उचलून नेणारी 'केंद्रं'. सगळी वाईट नाहीत. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे मानसिक आजारही धरलेत, आणि त्याच कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे. पैसे भरण्याआधी विचारा, नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, आम्हाला भेटू देता का. यातल्या एकाही प्रश्नावर समोरचा चिडला तर माणूस तिथे ठेवू नका.

आपल्या राज्याला चांगल्या केंद्रांची परंपरा आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं. त्याआधी अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावर लिहिलं होतं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. एका लेखमालेतून एवढी संस्था उभी राहू शकते हे आम्हा पत्रकारांना आत शिरताना शिकवलं जातं, नंतर आम्ही विसरतो. तिकडे मुंबईत फादर जो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन काढलं. ख्रिस्ती धर्मगुरू, शिकले बी. के. अय्यंगारांकडे योग, आणि उपचारात एएच्या बारा पायऱ्या आणि योगासनं एकत्र आणली. म्हणजे ज्यांनी आयुष्य यात घातलं त्यांनीसुद्धा एक पोथी धरून ठेवली नाही. मुक्तांगणमध्ये औषधं आहेत, गटात बोलणं आहे, योग आहे, संगीत आहे, घरच्यांशी बोलणं आहे. ज्याला ज्याने धरून ठेवलं ते त्याचं.

पण केंद्रातून माणूस परत कुठे येतो? आपल्याच गावात. त्याच कट्ट्यावर, त्याच शनिवारात. महिनाभराने घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी सातला बसायला जागा लागते. ती जागा देऊळ असेल, तालीम असेल, वाचनालय असेल, चिंचेखालची पत्र्याची खोली असेल. आपल्या गावात सातनंतर उघडं काय असतं ते एकदा फिरून मोजा. मी मोजलं. परमिट रूम, बिअर शॉपी आणि देशीची दुकानं धरून ११. वाचनालय साडेसहाला बंद होतं.

बायकांबद्दल लिहायचं की नाही, विचार करत होतो. लिहितो. आपल्या गावात पिणाऱ्या बाया आहेत, आणि फक्त वीटभट्टीवरच्या नाहीत, बंगल्यातल्याही आहेत. एका ताईंशी बोललो. त्यांना यातला एकही रस्ता खुला नव्हता. देवळात गेल्या तर घरचे विचारणार काय झालं, मीटिंगच्या खोलीत पंधरा पुरुष, सोलापूरला जायचं तर सोबत कोण. शेवटी मोबाईलवर ऑनलाइन मीटिंग सापडली, फक्त बायकांची. दुपारी मुलं शाळेत गेली की गच्चीवर बसून त्या कान लावतात. चौदा महिने झाले. मी म्हटलं, ताई, हे मी लिहू? म्हणाल्या, "लिहा दादा, पण गच्ची लिहू नका." मग नंतर फोन करून म्हणाल्या, लिहा, गच्च्या काय सगळ्यांनाच आहेत.

एक आकडा सांगतो आणि आवरतं घेतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कुठल्याही प्रकारची मदत मिळते. कुठल्याही प्रकारची. आणि २०२५ च्या जूनमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा हिशोब मांडला. दारूबंदी करावी की नाही हा वेगळा विषय आहे. चंद्रपुरात २०१५ ला लावली, २०२१ ला उठवली, दोन्ही वेळा पेढे वाटले गेले. मी त्या वादात आत्ता पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या गावातून हा कर गोळा होतो त्या गावाला आठवड्यातले साडेचार तास एक खोली द्यायला परवडत नाही, हे कुणी मला सांगू नये.

कमेंटमध्ये 'माळ घाला, रूम कशाला' म्हणणारे येणार, मला माहितीय. त्यांनी आधी अण्णांना भेटावं. अण्णा स्वतः म्हणाले, "त्यांची खोली घेऊ नका म्हणावं. माझं देऊळ हाय, त्यांचं ते हाय."

घरात गरज असेल त्यांच्यासाठी: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत, टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. फिट, भास किंवा बरळणं सुरू झालं असेल तर हेल्पलाइन नको, सरळ १०८ ला फोन करा.

सोमवारी साडेअकराला मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतोय. मागण्या तीन: खोलीची वेळ लेखी द्या, वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा, आणि रुग्णालयातल्या दोन खाटांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे ठराव पाठवा. अभ्यासिकेच्या पोरांशी बोललोय, मंगळवार-गुरुवार-शनिवार ते सातला खोली सोडायला तयार आहेत, त्यांच्या सह्या माझ्याकडे आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी नगरपालिकेच्या पायऱ्यांशी सव्वाअकराला भेटा. जे त्या खोलीत बसतात त्यांनी कृपा करून येऊ नका. तुमची मीटिंग मंगळवारी नेहमीच्या वेळेलाच आहे, तिकडे जा.